नऊ एक्केचाळीसचा अंगठा

दादा, गेलेला माणूस अंगठा कसा देतो, हे मला आधी सांग. बाकीचं मग बोलू.

पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या रविवारी, सकाळी नऊ चाळीसला मी तुला मेसेज टाकला. ‘झालं दादा. चालू कार्ड उपटलं, दुसऱ्यानं काम घेतलं, एकही रूट पडला नाही.’ नऊ एक्केचाळीसला तुझा अंगठा आला, नेहमीचा, पिवळा. डेटा सेंटरच्या त्या गारठलेल्या खोलीत जॅकेट घालून मी एकटीच दोन उड्या मारल्या. चार वर्षांचा वाद जिंकला होता मी. अकराच्या सुमारास तुझ्या धाकट्या भावाचा फोन आला की तू गेलास. रिक्षा करून घणसोली गावात पोचले तेव्हा तुमच्या गल्लीत उभं राहायला जागा नव्हती, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, ‘आठच्या आतच गेला. पावनेआठ झालं आसतील.’

पावणेआठ. मी चपला काढून तुझ्या दारात उभी होते आणि सारखी फोन बघत होते. नऊ एक्केचाळीस. फोन खिशात ठेवायचा, परत काढायचा, परत नऊ एक्केचाळीस. तुला उचललं तेव्हाही माझ्या हातात फोनच होता. लोक म्हणाले असतील, काय बाई आहे, माणूस चाललाय आणि हिचं लक्ष मोबाईलमध्ये. त्यांना काय सांगणार होते मी? मला रडू यायला हवं होतं आणि मी मनात वजाबाकी करत होते.

सहा वर्षं मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. मी साताऱ्याची म्हणून ‘सातारा’, आपल्या टीममधला प्रसाद बेलापूरला राहतो म्हणून ‘बेलापूर’. मॅनेजरसाहेबांना तू पाठीमागे काय म्हणायचास ते इथे लिहीत नाही. नेरूळच्या कॉलेजातून डिग्री घेऊन मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तू मला सर्व्हरच्या रांगांमधून फिरवलंस आणि मधेच थांबून पायानं फरशी दाबून म्हणालास, ‘सातारा, तू आता उभी हायस ना, तिथं आमच्या आज्याचा बांध व्हता. भात पिकायचा हितं.’ मी भारावून गेले होते. पुढच्या आठवड्यात नवीन आलेल्या दुसऱ्या एका मुलीला तू तोच बांध पार्किंगमध्ये दाखवलास. त्यामुळे तुमची शेतं नेमकी कुठे होती, होती की सगळी तुझी फेकाफेकी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

पण राउटर मला तूच शिकवलास, हे खरं. कोपरखैरण्याच्या गच्च्यांवरून केबल ओढत ओढत इथवर आलेला माणूस तू. पुस्तकात चाळीस पानं लागतात ते तू टपरीवर एका कटिंगमध्ये सांगितलंस. ‘राउटर म्हंजे नाक्यावरचा पानवाला. पत्ता सगली त्यालाच इचारतात. आनि पुरच्या नाक्यावरचा पानवाला त्याला बोलत र्‍हातो, हा रस्ता चालू हाय, तो बंद हाय. येवराच.’ मग तू सांगितलंस की आपल्या पानवाल्याच्या टपरीत दोन भाऊ असतात. एक गल्ल्यावर बसतो, दुसरा मागे उभा. ही ती दोन कंट्रोल कार्डं, एक चालू, एक राखीव. बसलेल्या भावाला चक्कर आली तर मागचा लगेच जागेवर येतो. गिऱ्हाईक कुठे अडत नाही. पण पुढच्या नाक्यांवरच्या पानवाल्यांना वाटतं की इकडचा आवाज बंद झाला, म्हणजे टपरीच गेली. ते लगेच लोकांना सांगायला लागतात, तिकडून जाऊ नका. टपरी धड, रस्ता धड, आणि तरी सगळा खोळंबा.

इथून आपलं भांडण सुरू व्हायचं. तुझं म्हणणं, शेजाऱ्यांशी, म्हणजे आपल्याला जोडलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या राउटरांशी, आधीच ठरवून ठेवायचं. मी मधेच गप्प झालो तर घाबरू नका, दोन मिनिटं माझे रस्ते तसेच धरून ठेवा, मी परत बोलेन. माझं म्हणणं, शेजाऱ्यांना कशाला त्रास? मागच्या भावाला पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्द ऐकवायचा. मग पहिला वाक्याच्या मध्यात पडला तरी दुसरा तेच वाक्य पुढे बोलेल. पलीकडच्याला माणूस बदलल्याचा पत्ताच लागणार नाही. आपल्या त्या डब्यात दोन्ही पद्धती एकदम लावता येत नाहीत, म्हणून चार वर्षं हा वाद तसाच राहिला.

‘शेजाऱ्याला अंधारान ठेवून कसला संसार गो?’ तू म्हणायचास. ‘आमच्या गावान कोन गेला तं पयला शेजारी सांगतान. घरोघर मानूस जातो.’

‘दादा, राउटर आहे तो. तेरावं नाही घालायचं त्याचं.’

‘आनि मागच्यावर किती लादशील? एक बोलतो, दुसरा दिवसरात नुसता आयकतो. तो थकला तं कोनाला कलनार?’

‘मशीन थकत नाही.’

‘आनि ज्या चुकीनं पयला पडला, ती चूक दुसऱ्याला बी पाठ झालेली आसल.’

यावर मी विषय बदलून म्हणायचे की शेजाऱ्यांपैकी दोघांची यंत्रं जुनी आहेत, त्यांना तुझा करारच कळत नाही, ते दोन मिनिटं काय दोन सेकंदही थांबणार नाहीत. तू म्हणायचास, मग त्यांना शिकव. आणि खरंच, कुठलंही काम काढायच्या आधी तू सातही शेजाऱ्यांना स्वतः फोन करायचास. ईमेल गेलेली असायची, तिकडची पोच आलेली असायची, तरी फोन. ‘नमस्कार, दादा बोलतोय, कार्ड बदलतोय, तुमच्याकरं काय दिसला तं आवाज द्या.’ हैदराबादच्या माणसालाही तू हेच मराठीत सांगायचास आणि त्याला ते कळायचं. मी तुला हसायचे. टेन्शन तुला कामाचं नव्हतं, शेजाऱ्यांना काय वाटेल याचं होतं.

मग गेल्या चार-सहा महिन्यांत तू बारीक व्हायला लागलास. मी विचारलं, ‘दादा, डायटिंग?’ तू म्हणालास, ‘कीटो.’ मी मान्य केलं! घणसोली गावातला माणूस, बोंबील-भाकरीवर वाढलेला, कीटो करतो म्हणाला आणि मी त्याला बदामाचं पाकीट आणून दिलं. सुट्ट्या वाढल्या तेव्हा म्हणालास ॲसिडिटी, मग म्हणालास पित्ताचे खडे. घरून काम सुरू केलंस. कॉलवर कॅमेरा बंद. मी एकदाही म्हटलं नाही की दादा, कॅमेरा लाव, बघू दे मला. सहा वर्षं माझं काम काय होतं? लाखो पॅकेटांतलं एक हरवलं तर शोधायचं. आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस निम्मा झाला ते मला दिसलं नाही. याची मला लाज वाटते, दादा. सरळच लिहिते.

आणि त्याच काळात तू मला सगळं द्यायला लागलास. पासवर्डची यादी, कपाटाच्या किल्ल्या, कुठल्या शेजाऱ्याचा माणूस कुठल्या वेळी उठतो, कुणाला गोड बोलायचं आणि कुणाला आवाज चढवायचा. मला वाटलं, प्रमोशनची तयारी करून घेतोय. अलार्मच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही केलंस. आता सगळं जुळतंय, पण जुळलं म्हणून मला काही कळलं असं वाटत नाही.

एके दिवशी माझी चार वर्षं रखडलेली मागणी तू एका ओळीत मंजूर केलीस. ‘कर. तुजी पद्धत लाव. रविवारी सकाळी, चालू कार्ड उपटून बघ.’ मी लगेच फोन केला. शेजाऱ्यांना कधी कळवायचं ते विचारलं. तुझा आवाज बसलेला होता. म्हणालास, ‘कोनालाच नको. तुजा म्हनना हाय ना, कोनाला कलनार नाय? मंग बघू कलता का.’

दादा, तेव्हा तू राउटरबद्दल बोलत होतास की तुझ्याबद्दल? मला हे उत्तर हवंय. तू हरलास म्हणून मान्य केलंस, की तुला माझी पद्धत माझ्यावरच वापरून दाखवायची होती, की तुला फक्त भांडायची ताकद उरली नव्हती? पंधरा दिवस मी हे तिन्ही आलटून पालटून खरं मानते आहे. सकाळी एक खरं वाटतं, जेवणानंतर दुसरं.

त्या रविवारी सातला मी ‘सुरू करते’ असा मेसेज टाकला. अंगठा आला. आठ वाजून दहा मिनिटांनी मी चालू कार्डाचे दोन्ही खटके उघडले आणि ते बाहेर ओढलं. सगळे दिवे हिरवेच राहिले. सातपैकी एकाही शेजाऱ्याचा फोन आला नाही. मग दीड तास मी एकेक रूट तपासत बसले. त्या दीड तासात तू या जगात नव्हतास आणि मी प्रत्येक टप्प्यावर मनात तुला सांगत होते, बघ, बघ दादा, कुणाला कळलं का?

यानंतरचं जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

आपल्या अलार्मच्या ग्रुपचा नियम तूच केलेला. काही बिघडलं की मशीन स्वतःहून ग्रुपवर मेसेज टाकतं, आणि जो पहिला अंगठा देईल त्याच्या अंगावर ते काम. आधी अकरा जण मेसेज बघायचे आणि अकराही जणांना वाटायचं दुसरा कुणी बघेल. म्हणून तू म्हणालास, ‘अंगठा म्हंजे सही. दिली तं निस्तरायची.’ तेव्हापासून सगळं सुरळीत होतं. अंगठा दिसला की बाकीचे दहा जण बिनघोर.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी राउटरच्या एका पंख्याचा अलार्म आला. खाली अंगठा. तुझा.

प्रसादचा लगेच फोन. ‘पाहिलंस?’

‘पाहिलं.’

‘आता काय करायचं?’

‘मला काय विचारतोस?’

पंखा त्यानं गुपचूप जाऊन बदलला. मंगळवारी परत अंगठा, बुधवारी दोन. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. उरलेली दहा शिकलेली माणसं, सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. मॅनेजरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘घरातलं कोणीतरी फोनशी खेळत असेल. त्याला ग्रुपमधून काढायला हवं. तू ॲडमिन आहेस ना?’ मी म्हटलं, ‘सर, तुम्ही पण आहात.’ ते म्हणाले, ‘यार, मला नाही जमणार.’ मलाही नाही जमलं. तुझ्या नावावर बोट ठेवलं की खाली ‘काढून टाका’ असं येतं. किती वेळा तिथपर्यंत जाऊन परत आले.

नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, एक अलार्म आला. राखीव कार्ड तयार नाही. खाली तुझा अंगठा.

मीही तो पाहिला, दादा. आणि तुला खरं सांगू का, तुझं नाव बघून मला क्षणभर बरं वाटलं. सवयीनं वाटलं, चला, दादा बघतोय. मग आठवलं, आणि मी नजर दुसरीकडे नेली, जशी रोज नेत होते. बाकीच्या नऊ जणांनीही तेच केलं असणार. बुधवारी सकाळी नेहमीची तपासणी करायला बसले तेव्हा दिसलं की राखीव कार्ड दोन दिवस बंद पडून आहे. दोन दिवस आपण एका कार्डावर होतो. ते गेलं असतं तर ऐरोलीपासून नेरूळपर्यंत अर्ध्या लोकांचं नेट गेलं असतं, दवाखान्यांचंसुद्धा. ठीक करायला पाऊण तास लागला. कारण काय निघालं असेल? सगळं ऐकून ऐकून राखीव कार्डाची मेमरी भरली होती. तू म्हणाला होतास, मागच्यावर किती लादशील. मी खुर्चीत बसून तुला मोठ्यानं एक शिवी दिली. प्रसादनं ऐकली. कुणाला, ते त्यानं विचारलं नाही.

आता गप्प बसून चालणार नव्हतं. पण फोन करून काय विचारायचं? तेराव्याला आले तेव्हा पंगती उठत होत्या, गर्दी होती, तुझा भाऊ सगळ्यांना आग्रह करत होता. तिथे कसं विचारणार? म्हणून काल, शनिवारी, सकाळी परत आले. ठरवून आले होते की वहिनींना सगळं सांगायचं. दोन दिवसांचं, कार्डाचं, तुझ्या फोनवरून कोण हे करतंय ते थांबायला हवं म्हणून. रिक्षात वाक्यं पाठ केली होती.

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, वरच्या खोल्यांमधल्या एका भाडेकरूशी पाण्याच्या मोटरवरून बोलत. मला बघून त्याला वाटेला लावलं. ‘ये गो सातारा,’ म्हणाल्या. मला तुझा फोन लगेच दिसला. त्यांच्या मांडीवर होता.

आत नेलं, पाणी दिलं. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘त्या रविवारचा अंगठा...’

‘मीच दाबला,’ त्या म्हणाल्या. इतकं सोपं. तेरा दिवस मी भुताखेतांपर्यंत जाऊन आले होते.

‘सातचा त्यानं सोता दाबला,’ त्या म्हणाल्या. ‘मी हात धरला, बोट त्याचा. मंग बोल्ला, सातारावाली पोर काम झाला का मेसेज करल. मी नसलो तं तू दाब. तिला आजून सांगू नको, घाबरल, काम अर्धा टाकून धावत येल. अर्ध्यान टाकला तं लय नुसकान हाय, बोल्ला. काम झाला का मंग सांगा.’

‘आणि नंतरचे? रोजचे?’

‘ते बी कामाचेच मेसेज ना? मना इंग्रजी येता गो, पन ते काय इंग्रजी हाय? वाटला, जबाब नाय दिला तं लोक बोलतील, दादा कामचुकार व्हता.’ मग म्हणाल्या, ‘आनि मेसेज आला का वाटायचा, त्याला कोन तरी आजून बोलवतंय.’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तुझी बायको आहे ती, चेहरा वाचते.

‘माज्यानं काय बिघारला का?’

दादा, मी रिक्षात जे पाठ केलं होतं त्याचं पहिलं वाक्य याचंच उत्तर होतं. आणि मी म्हटलं, ‘नाही वहिनी. काही नाही बिघडलं.’ पटकन, तोंड वर करून. त्यांच्या जीवाला लागेल म्हणून खोटं बोलले. तू मला कीटो सांगितलंस तसंच हे झालं का? मला माहीत नाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, सांगायला हवं होतं. आणि स्वतः मात्र सांगितलं नसतंस.

मग मी विचारलं. खरं तर हे विचारायला नको होतं, पण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तेच होतं. पावणेआठ ते नऊ एक्केचाळीस. मधले दोन तास.

‘वहिनी, माझा मेसेज येईपर्यंत तुम्ही काय करत होतात?’

‘बसली व्हती. त्याच्याजवल. फोन हातान.’ त्या फोनकडे बघत बोलत होत्या. ‘गावाला सांगला. बाया आल्या, रडाया लागल्या. मी नाय रडली. डोल्यान पानी आला असता तं तुजा मेसेज दिसला नसता.’

बाहेर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

‘मंग तू मेसेज केला, मी अंगठा दाबला,’ त्या म्हणाल्या. ‘पन त्याच्यानंतर रडायाच येत नाय गो. कवरा बी केला तरी.’

दादा, तू चुकलास. मी तुझ्याशी चार वर्षं भांडले आणि प्रत्येक वेळी मनात कुठेतरी वाटायचं की तुझंच बरोबर असेल. या वेळी तसं वाटत नाही. मी काम अर्धवट टाकून आले असते हे तू बरोबर ओळखलंस. कार्ड बाहेर आणि मी रिक्षात, हे घडलं असतं. शहराचं नेट वाचलं, माझी नोकरी वाचली, माझी पद्धत जिंकली. पण ते सगळं तू वहिनींच्या अंगावर टाकलंस, आणि माझ्या एका मेसेजसाठी टाकलंस. मला कळवलं असतंस तर मी रडले असते, कदाचित चुकलेही असते, आणि नंतर निस्तरलं असतं. निस्तरायलाच तर शिकवलंस ना? तुझे आभार मानायला बसले होते मी हे लिहायला. मानतेसुद्धा. ज्या माणसानं शेवटच्या सकाळी माझ्या कामाची काळजी केली, त्याच्यावर इतकं रागवावं का, हे मला कळत नाही. पण राग आहे.

मी माझा फोन काढला. अलार्मचा ग्रुप उघडला, तुझ्या नावावर बोट ठेवलं. या वेळी परत आले नाही.

वहिनींच्या मांडीवर तुझा फोन उजळला. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि हळूहळू वाचलं. ग्रुपमधून काढल्याचं त्यावर आलं होतं, माझ्या नावासकट.

‘काम झाला?’ त्यांनी मला विचारलं.

‘झालं वहिनी,’ मी म्हटलं. ‘आता कुणाचा मेसेज येणार नाही.’

त्यांनी फोन उलटा करून जमिनीवर ठेवला आणि रडायला लागल्या. एवढ्या मोठ्यानं, की वरच्या खोल्यांतले भाडेकरू जिन्यावर आले, समोरच्या दारातल्या बायका हातातलं काम टाकून आल्या आणि मला विचारायला लागल्या, काय झालं, अचानक काय झालं. मी वहिनींचा हात धरून बसले आणि त्यांना रडू दिलं.